पाचव्या चौकटीतला वाय

गल्लीत त्याला सगळे पक्का म्हणत. मनाने पक्का, हिशेबाला पक्का असलं काही नव्हे. त्याने बसवलेलं अक्षर पक्कं, एवढाच त्याचा अर्थ. दुकानांच्या दारावर पितळी अक्षरं बसवायची, हा त्याचा धंदा. अक्षराच्या पाठीला पाय असतात. दगडात भोकं पाडायची, पाय आत घालायचे आणि भोकात वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं थिजलं की अक्षर बसलं. नाव बदलायचं झालं तर ज्योत धरून शिसं मऊ करायचं आणि अक्षर ओढून काढायचं. एकदा ट्रकच्या धडकेने दुकानाची भिंत पडली, पण वरचं नाव जागचं हललं नाही, असं तो सांगायचा. स्वतःची टिमकी वाजवायला त्याला दुसरं माणूस लागत नसे.

कोपऱ्यावरचं दुकान त्याच्या सासऱ्याचं. अर्थात तेव्हा ते सासरे नव्हते, नुसते दूधवाले होते. दाराच्या माथ्यावरच्या दगडी पट्टीत त्यांनी पाच चौकटी कोरून घेतल्या होत्या आणि त्यांत इंग्रजीत 'डेअरी' लिहायचं होतं. पहिली चार अक्षरं पक्क्याने रीतीप्रमाणे बसवली. पाचवं अक्षर वाय. ते हातात घेतलं आणि मालकांची मुलगी शिडीखाली येऊन उभी राहिली. वर बघून म्हणाली, "पडणार तर नाही ना हे?"

"मी आहे तोवर नाही," पक्का म्हणाला. आणि त्या शहाण्याने भोकं दुप्पट खोल केली, भांड्यात होतं नव्हतं तेवढं शिसं त्यात रिकामं केलं. पुढे त्या मुलीशी त्याचं लग्न झालं. त्याच्या मते ते त्या वायमुळेच झालं.

डेअरी बंद झाली आणि दुकान भाड्याने जाऊ लागलं. नवा भाडेकरू आला की पक्का शिडी घेऊन जायचा, चार अक्षरं काढायचा आणि पाचव्याशी थबकायचा. "याला हात लावला तर अख्खी पट्टी तडकेल. नाव बदला, वाय राहू द्या." जागा मोक्याची, त्यामुळे कुणी अडून बसत नसे. पेपरवाल्याने 'डेली' ठेवलं. त्याचं एका अक्षरावर भागलं. खेळणीवाल्याने 'टेडी' केलं, कुत्र्यामांजरांचं खाणं विकणाऱ्याने 'पपी'. दुकान रिकामं झालं की सगळ्या गल्लीला तोच उद्योग. शेवटी वाय असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधताना न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबायचा. अंत्यविधीचं सामान विकणारा आला, तेव्हा कुणीतरी त्याला 'हॅपी' सुचवलं. तो बिचारा हसलासुद्धा. मग 'ग्लोरी'वर मिटलं.

गेल्या महिन्यात ग्लोरीवाला दुसरीकडे गेला. पक्का संध्याकाळी चहा घेत म्हणाला, "यंदा कोण येतंय बघू."

"मी येतेय," बायको म्हणाली.

बायको शिवणकाम करायची. मागच्या खोलीत, खिडकीशी मशीन लावून. मोठ्या दुकानांतून कापलेलं कापड यायचं, ती शिवून द्यायची, आणि कॉलरला चिठ्ठी त्या दुकानांची लागायची. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या नावाने शिवण्यात गेलं. आता तिला दुकान हवं होतं आणि त्यावर स्वतः निवडलेलं नाव.

पक्का खूश झाला. "फॅन्सी ठेव! नाहीतर सिल्की. पाच अक्षरं, शेवटी वाय, आणि कपड्यांनाही शोभतं."

"मी साधे कपडे शिवते, त्यात फॅन्सी काय आहे? 'ड्रेस' लिहायचं. तीही पाचच अक्षरं आहेत."

"पण त्याच्या शेवटी एस येतो."

"मग एस बसवा."

"अगं, पट्टी तडकेल!"

"तडकू दे. माझ्या बापाची पट्टी आहे. इतकी माणसं आली नि त्या एका अक्षराला मुजरा करून गेली. मी नाही करणार." आणि ती कप विसळायला उठली. तिचं उठणं म्हणजे विषय संपला, हे पक्क्याला चांगलं ठाऊक होतं.

दोन दिवस तो तोंड पाडून हिंडला. त्याची खरी अडचण निराळी होती. पट्टी तडकेल असं तो वर्षानुवर्षं सांगत आला, पण करून कधी पाहिलं नव्हतं. दगड तडकला तर बायकोच्या दुकानाचं तोंडच फुटणार. नाही तडकला तर आपण इतकी वर्षं लोकांना थापा मारल्या, हे भर चौकात दिसणार. इकडे आड, तिकडे विहीर. पण तिच्यासाठी जे बसवलं, ते तिच्यासाठीच काढायचं नाही, हेही त्याच्या मनाला पटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिडी लावली. खाली बायकोने शिडी धरली. न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बाहेर आला. पक्क्याने ज्योत लांबून धरली, हळूहळू जवळ नेली, दगड फार तापत तर नाही ना, हे अंगठा लावून बघत राहिला. शिसं पाझरू लागलं. खूप पाझरलं, खालच्या पत्र्याच्या डब्यात थेंब टपटपत राहिले. मग त्याने चिमट्याने वाय धरला, जरासा हलवला, आणि तो सरळ बाहेर आला. पट्टीवर रेघसुद्धा उठली नाही.

न्हावी म्हणाला, "एवढंच होतं होय?" आणि दाढी पुरी करायला गेला.

पक्का लाजून खाली उतरला. बायको त्याच्याकडे बघत होती.

"तडकणार होती ना?"

"मला काढायचाच नव्हता तो." तो वाय पाण्यात बुडवून पुसत म्हणाला. "तू विचारलं होतंस, पडणार तर नाही ना? मी म्हटलं होतं, मी आहे तोवर नाही. विसरलीस?"

बायकोने खरंच आठवून पाहिलं. "असं मी विचारलं होतं? नाही हो, काही आठवत नाही." मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. "त्यासाठी त्या अंत्यविधीवाल्याला हॅपी ऐकून घ्यायला लावलंत?"

पक्क्याला वाईट वाटलं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बायकोने वाय त्याच्या हातून घेतला. "हा मी मशीनशेजारी ठेवते. कापड उडतं तिथे, दाबायला होईल. चला, एस बसवा."

त्याने 'ड्रेस'ची पहिली चार अक्षरं बसवली. शेवटचा एस चौकटीत धरला, शिसं आत ओतायला भोकाशी ओल्या मातीची चोच केली आणि शिशाची पळी उचलली. पळी काठोकाठ भरली होती.

"अहो," खालून बायको म्हणाली, "बेतानेच ओता. आपल्यानंतर कुणीतरी येईल. त्यालाही स्वतःचं नाव लावायचं असेल."

पक्क्याने लागेल तेवढंच शिसं ओतलं आणि उरलेलं भांड्यात परत टाकलं.