डेटनला वॉल्टरच्या डिव्हिजनचं शेवटचं संमेलन

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. काकू मूळच्या नागपूरच्या, तीस वर्षं इथे ट्रॉयमध्ये सर्जन होत्या, आता रिटायर्ड. विचारण्यापेक्षा सांगण्याची सवय जास्त. "तुझी व्हॅन मोठी आहे ना? मग शुक्रवारी डेटनला जायचं. वॉल्टरला न्यायचंय."

वॉल्टर त्यांचा शेजारी. वय ऐंशीच्या पुढे. मुलांनी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या आणि त्याच्या डिव्हिजनचं संमेलन शेजारच्या ओहायो राज्यात, डेटनला होतं. इन्फन्ट्री डिव्हिजन म्हणजे दहा-पंधरा हजार पायदळ सैनिक. दुसऱ्या महायुद्धात ही डिव्हिजन इटलीत लढली. दरवर्षी जमणारे आता इतके कमी उरले होते की हे संमेलन शेवटचं, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. नवऱ्याने शनिवार-रविवार मुलांना सांभाळायचं कबूल केलं आणि मी हो म्हणाले.

ट्रॉयहून डेटन म्हणजे आय-७५ हायवे पकडायचा आणि दक्षिणेला जात राहायचं. चार तास धरा. टोल नाही. टोलीडोनंतर स्पीडवर लक्ष ठेवा, ओहायोचे पोलीस पुलांच्या आडोशाला उभे असतात. दोन्हीकडे सुकत आलेला मका आणि पिवळं पडलेलं सोयाबीन. बघण्यासारखं फार नाही, त्यामुळे गप्पा चांगल्या होतात. फिंडलेच्या रेस्ट एरियात काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. वॉल्टरने चार खाल्ल्या, लोणच्यासकट. इटलीच्या डोंगरात त्याच्या तुकडीचं रेशन खेचरांवरून यायचं आणि कित्येकदा ती खेचरं हाकणारे हिंदुस्थानी शिपाई असायचे, त्यांनी दिलेली रोटी त्याला अजून आठवते. काकू शेजारी राहायला आल्या तेव्हा त्याने पहिला प्रश्न खेचरांबद्दलच विचारला होता. "मी एफआरसीएस, आणि हा मला खेचरांचं विचारतो," काकू म्हणाल्या. वॉल्टर म्हणाला, उत्तर तिला तेव्हाही आलं नव्हतं.

लायमा मागे पडलं आणि त्याने खरी गोष्ट काढली. एडी नावाचा त्याचा मित्र फ्लॉरेन्सच्या वरच्या डोंगरात मारला गेला. एडीची धाकटी बहीण रूथ या वर्षी पहिल्यांदाच संमेलनाला येणार होती, भाऊ कसा गेला ते वॉल्टरच्या तोंडून ऐकायला. एडीच्या घरी वॉल्टरने तेव्हाच कळवलं होतं की तो जागीच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. ते खोटं होतं. एडीच्या पोटात गोळी लागली होती. स्ट्रेचर अंधार पडल्याशिवाय येऊ शकत नव्हतं. दुपारभर तो पाणी मागत राहिला. पाण्याची बाटली वॉल्टरच्या पट्ट्याला होती आणि त्याने ती दिली नाही, कारण पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नाही असं त्यांना शिकवलेलं होतं.

"बरोबर शिकवलं होतं. मीही दिलं नसतं," काकू म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे, डॉक. पण तो मागत होता."

रूथला खरं सांगायचं की साठ वर्षांपूर्वीचं खोटं तसंच राहू द्यायचं, हे वॉल्टरने डेटनपर्यंत ठरवलेलं नव्हतं.

हॉटेल हायवेलगतच होतं. संमेलनाचा म्हणून सवलतीचा दर मिळाला, सकाळचा नाश्ता त्यातच. वेळ असेल तर इथलं विमानांचं म्युझियम चुकवू नका. प्रवेश फुकट, अर्धा दिवस सहज जातो. आम्ही शनिवारी सकाळी गेलो. वॉल्टर व्हीलचेअरमधून सगळी बॉम्बर विमानं पाहून आला आणि म्हणाला, हे लोक रात्री गादीवर झोपायचे. पायदळाचं मत.

दुपारी हॉटेलच्या एका खोलीत म्हातारे जमले. भिंतीवर इटलीचा नकाशा होता आणि त्यावर लाल दोरा: नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, मग डोंगरात येऊन थबकलेला. तिथे त्यांचा अख्खा हिवाळा गेला. वसंतात दोरा खाली उतरून पो नदीच्या मैदानात जातो. मला वाटलं होतं शौर्यकथा ऐकायला मिळतील. ते मोज्यांबद्दल बोलत होते. ओले मोजे छातीशी धरून कसे वाळवायचे, यावर दोघांचं अजून एकमत नव्हतं. रूथ तिथेच भेटली. सत्तरीची, ताठ, शाळेतून निवृत्त झालेली. वॉल्टरने हात मिळवला आणि मोज्यांच्या वादात घुसला.

संध्याकाळी जेवण होतं. व्हेज म्हणून सांगून ठेवलं तर चिकन काढून घेतलेली प्लेट मिळते, तेव्हा खोलीत पुऱ्या असू द्या. हॉलच्या दाराशी एक छोटं टेबल मांडलं होतं. पांढरा कपडा, रिकामी खुर्ची, एकच प्लेट, तिच्यात लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, शेजारी उपडा ग्लास. परत न आलेल्यांसाठी ही जागा असते. काकूंना इतकंच कळलं की गेलेल्यांचं पान वाढलंय आणि पाणी ठेवायला विसरलेत. आदल्याच आठवड्यात त्यांनी घरी पितृपक्षातलं पान ठेवलं होतं. त्यांनी ग्लास सुलटा केला आणि जगमधून काठोकाठ भरला.

टोपी घातलेले संमेलनाचे अध्यक्ष घाईने आले. अगदी सभ्यपणे म्हणाले की मॅडम, तो ग्लास मुद्दाम उपडा असतो, ते आता आपल्याबरोबर पिऊ शकत नाहीत. काकू ओशाळल्या. आमच्याकडे आधी पाणी ठेवतात, एवढंच म्हणाल्या. अध्यक्षांनी ग्लास उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," वॉल्टर म्हणाला. तो आमच्या मागेच उभा होता, आणि त्याच्या शेजारी रूथ.

रूथने विचारलं, का.

"एडीने पाणी मागितलं होतं. दुपारभर. मी दिलं नाही." वॉल्टर तिच्याकडे बघत होता. "तो जागीच गेला नाही, रूथ."

अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले. मला वाटलं, ही बाई आता निघून जाईल. ती उलट टेबलाच्या आणखी जवळ आली.

"का नाही दिलंस?"

त्याने कारण सांगितलं. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी होकारार्थी मान हलवली, डॉक्टरसारखी, एकदाच.

"म्हणजे तू तिथे होतास," रूथ म्हणाली. "सगळा वेळ."

"हो."

"त्याने तुला शिव्या घातल्या?"

"भरपूर. माझ्या आईलासुद्धा."

"मग तो एडीच होता," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. वॉल्टरने तिला खुर्ची ओढून दिली. डेझर्ट येऊन गेलं तरी दोघं उठले नव्हते. ग्लास कोणी उपडा केला नाही.

रविवारी परतीच्या वाटेवर वॉल्टर झोपेल म्हणून मी रेडिओ लावला नाही. तो टोलीडोपर्यंत बोलत होता. एडीने ट्रेनिंग कॅम्पात कोंबडी कशी चोरली, एडी गाताना सूर कसा सोडायचा. इतक्या वर्षांच्या शेजारात काकूंनी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. त्या एकदाच मध्ये बोलल्या, "हे आधी सांगता येत नव्हतं का रे, बाप्पा?" मराठीतच. त्याला ते कळलं असावं. तो म्हणाला, एडी म्हटलं की ती दुपार समोर यायची, तिच्या आधीच्या दिवसांत जाताच यायचं नाही.

घरी आल्यावर मी लायब्ररीतून त्या डिव्हिजनचा इतिहास आणला. जाडजूड आहे, नकाशे चांगले आहेत, कुठली टेकडी कोणत्या तुकडीने घेतली ते नीट कळतं. इटलीला जाणाऱ्यांनी जरूर चाळावा. मागे मेलेल्यांच्या यादीत एडीचं नाव आहे. त्याच्या शिव्या त्यात नाहीत. त्या आता रूथकडे आहेत, आणि काकू सांगतात की ती दर रविवारी वॉल्टरला फोन करून आणखी मागते.