फोमच्या डोळ्यांची माशी

"तुझ्याच माशीनं मेले ते ट्राउट मासे," जेवता जेवता मर्डो बायकोला म्हणाला.

"माझी माशी तरंगते. ती बुडत्या दोरीला बांधून, काठी दगडाला टेकवून झोपलास तू," ग्रिझेल म्हणाली.

ग्रिझेल माझी जाऊ. गळावर पिसं नि दोरा गुंडाळून ती ट्राउटला भुलवायच्या खोट्या माशा बांधते. आमच्या तळ्यावरच्या निम्म्या लोकांच्या टोपीत तिच्याच माशा खोचलेल्या असतात. फोमचे दोन गोळे डोळे म्हणून बसवले, की दोरी तळाला गेली तरी माशी चिखलाच्या वर तरंगते. पण दोरी सतत ओढत राहावं लागतं. नाहीतर ट्राउट तिला पोटापर्यंत गिळतो आणि पाण्यात परत सोडला तरी जगत नाही. तळ्यावरच्या मासेमारी क्लबाचा नियम आहे, पकडलेला मासा जिवंत परत सोडायचा; मर्डोनं सोडलेले मासे मरून काठाला लागले. क्लबात विचारल्यावर त्यानं बायकोच्या माशांवर ढकललं.

"मग काय सांगायचं होतं?"

"झोप लागली, एवढंच."

"माझी अब्रू घालवायला बसलीयस तू."

"होती का?" ग्रिझेलनं त्याच्यापुढची सलगम-बटाट्याची ताटली उचलली. सासूबाई मान खाली घालून चावत राहिल्या.

"उद्या क्लबात जाऊन खरं काय ते मी सांगणार आहे," ग्रिझेल म्हणाली. " आणि या घरातल्या कोणासाठीही यापुढे मी माशी बांधणार नाही."