आधी छत, मग माणूस

कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की मामा आधी वर बघायचे. समोर यजमान हात जोडून उभा असो, चहा कपात ओतलेला असो, मामांची मान वर. छत कोपऱ्या-कोपऱ्यानं न्याहाळून झालं की मग नजर खाली माणसांवर यायची.

"वर काय हाय?"

"गच्ची आहे, मामा."

"गच्चीवर काय हाय?"

"काही नाही. वाळवणं घातलीत."

"मग बसतो." बसायचे, पण दाराजवळच्या खुर्चीवरच.

लातूरच्या आमच्या शिकवण्यांच्या गल्लीत तुमचं कुणी शिकायला असेल, तर सगळ्या गल्लीच्या या मामांना तुम्हीही पाहिलं असणार. गल्लीच्या टोकाला मुलींचं वसतिगृह होतं. तिथले पहारेकरी तेच, बिघडलेला नळ तेच बघायचे, आणि घरच्या आठवणीनं रडणाऱ्या पोरीला भेळ आणून देणारेही तेच. मी समोरच्याच इमारतीत जीवशास्त्र शिकवायचो. तेव्हा नांदेड, देगलूर, उमरी, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येत होती आणि गल्लीत इमारतींचं पीक आलं होतं. प्लास्टर वाळायच्या आत खोलीत खाटा पडायच्या. आम्ही नाकं मुरडायचो. मामा खूश.

"नव्या सिमेंटचा वास येऊन राहिला ना सर, तवर झोप बिनघोर," म्हणायचे. स्वतः मात्र बारा महिने अंगणातल्या पत्र्याखाली खाटेवर झोपायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, आत पंखा आहे." तर म्हणाले, "तुमचा पंखा तुमालाच लखलाभ."

कामात मोठे कडक. मुलीला भेटायला आलेल्या बापाला जिन्याची पहिली पायरीही चढू देत नसत. "वर जाता येत न्हाई. हितूनच बोला." एका साहेबांनी आपला हुद्दा सांगितला, तेव्हा मामांनी त्यांना बसायला स्टूल दिलं. जिना काही दिला नाही.

मामा किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. भूकंपात बायको आणि मुलगा घराखाली गेले. मामा रानात राखणीला होते आणि धाकटी लेक देगलूरला आजोळी, म्हणून ही दोघं उरली. गल्लीला एवढंच ठाऊक होतं. त्यापुढं ते कुणाला जाऊ देत नसत.

ती लेक आमच्याच गल्लीत शिकली आणि तिला मुंबईला मेडिकलला जागा मिळाली. मामांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना हळूच म्हणाले, "पोरींचं होस्टेल दगडी हाय म्हणं." त्या दिवसापासून त्यांच्या ताटातली भाकरी अर्धी उरू लागली.

लेक हुशार. बापाला ती अण्णा म्हणायची. एक दिवस माझ्याकडं आली. "सर, अण्णांना आधी जुनी मुंबई दाखवू. दगडी इमारती इतकी वर्षं उभ्या आहेत, हे डोळ्यांनी बघितलं की भीती जाईल. तुम्ही चला, तुमचं ऐकतात ते." मलाही ते पटलं. भीती सवयीनं मोडते असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचो.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच गेटवेला पोचलो. मामांनी मान मागं टाकून वर बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"वर कुणी ऱ्हात न्हाई ना?"

"नाही अण्णा."

"अन् चारी बाजूनं वाट हाय. बांधणाऱ्याला अक्कल व्हती."

तिथंच कट्ट्यावर त्यांनी धपाट्याचं फडकं सोडलं. बोटी बघत पोटभर खाल्लं. एका फुगेवाल्याशी त्याच्या गावाची चौकशी केली. लेकीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. आमची युक्ती लागू पडली होती.

मग विद्यापीठाचा मनोरा, जुनं ग्रंथालय, संग्रहालय. लेक प्रत्येक ठिकाणी पाटी शोधायची आणि बांधल्याचं साल मोठ्यानं वाचायची. संग्रहालयाच्या घुमटाखाली मामा पाऊल टाकेनात. उंबऱ्याशीच उभे राहिले. तिथला पहारेकरी मोठ्या अभिमानानं म्हणाला, "घाबरू नका काका, शंभर वर्षांच्या घरात आली इमारत. एक दगड हललेला नाही."

"आमच्या घराचा बी हलला नव्हता," मामा म्हणाले. "आज्याच्या आज्यापासनं."

पहारेकऱ्यानं टोपी नीट केली आणि दुसऱ्या लोकांकडं वळला. आमची चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली. वास्तू जितकी जुनी तितकी आपल्याला ती पक्की वाटते. मामांना ती तितकीच आपल्या घरासारखी वाटत होती. आम्ही दिवसभर त्यांना धीर द्यायला म्हणून तेच घर पुन्हा पुन्हा दाखवत होतो. मी लेकीला डोळ्यांनी खुणावलं. तिनं पाट्या वाचणं सोडून दिलं.

दुपारी मैदानाच्या कडेला झाडाखाली बसलो. लेक पाणी आणायला गेली. समोरच्या मनोऱ्याकडं बघत मामा बोलू लागले.

"सर, आमच्याकडं भिंत जितकी रुंद तितकं घराणं मोठं. सोयरीक करताना पाव्हणे भिंतीवर हात ठेवून बघायचे. वर माळवद. लाकडावर मातीचा थर. ते गळायचं. मग दर साली मिरगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची. आज्यानं टाकली, बापानं टाकली. जुनी कुणी काढली न्हाई, वर नवी टाकत गेले, वजन चढत गेलं. भूकंपाच्या साली मी टाकली. लई टाकली. पोराच्या अंथरुणावर थेंब पडत व्हता म्हून."

मी मागं बघितलं तर लेक पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि मामांपुढं धरली.

दुसऱ्या दिवशी होस्टेलवर गेलो. काळ्या दगडाच्या हातभर रुंद भिंती. मामांनी भिंतीला तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"बाई, तिची खोली एकदा बघू का? नुस्तं वर बघतो अन् येतो."

"पुरुषांना वर सोडत नाही," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. बाई काही वाईट नव्हत्या. नियम होता.

मी भांडायच्या तयारीत होतो, पण मामांनीच माझा हात धरला. "हाव, बरोबर हाय त्यांचं," म्हणाले. इतकी वर्षं दुसऱ्या पोरींच्या बापांना त्यांनी तेच तर सांगितलं होतं.

लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "अण्णा, तुम्ही 'चल' म्हणा, मी आत्ता येते. लातूरला बीएस्सी करते. मी कधी बोलून दाखवणार नाही."

ती मनापासून म्हणत होती. कालचं ऐकल्यावर तिच्यात हट्ट उरला नव्हता. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगू? राहा म्हणावं तर पोर दगडाखाली, चल म्हणावं तर तिचं सगळं आयुष्य मातीत.

"मला इचारू नको, माय," एवढंच शेवटी म्हणाले.

मग तिनं बॅग उचलली आणि जिना चढून गेली.

मामा पुन्हा मुंबईला कधी गेले नाहीत. तिच्या पदवीच्या समारंभालाही नाहीत. "हितलं कोण बघंल?" म्हणायचे. सुट्टीत ती यायची तेव्हा त्यांच्या शेजारी अंगणात दुसरी खाट पडायची, आणि दोघं उशिरापर्यंत गावच्या पिकापाण्याचं बोलायची. त्या जिन्याबद्दल एकदाही बोलली नाहीत.

परवा साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामा गेले. लेक आता तिकडंच डॉक्टर आहे. ती पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात त्यांच्या खाटेवर बसली होती. म्हणाली, "सर, त्या दिवशी अण्णा 'राहा' म्हणाले नाहीत. 'चल'ही म्हणाले नाहीत. तुम्ही शेजारी होता. मी त्यांच्या मर्जीनं राहिले, का त्यांना तसंच टाकून वर गेले?"

उभी हयात मी पोरांना चार पर्यायांतला बरोबर एक निवडायला शिकवलं. इथं दोनच होते.

"मर्जीनं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग उठून खाटेवरचं अंथरूण गुंडाळायला लागली.