ओलं गोणपाट

आग्नेलो मिस्किटा यांच्या कार्डावर अजूनही ‘बॉडी बिल्डर’ असं छापलेलं आहे. वय अडुसष्ट, वजन बावन्न. कार्ड घेणारा एकदा कार्डाकडे बघतो, एकदा त्यांच्याकडे. आग्नेलो त्याला हवा तेवढा वेळ देतात आणि मग सांगतात, “ट्रकची.”

राहायला गिरगावात, कामाला रे रोडला. मधलं अंतर ते आयुष्यभर बसनं कापत आले, कारण ट्रक चालवायला ते कधी शिकलेच नाहीत. “शिंपी काय सगळ्यांचे शर्ट घालून बघतो?” असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको पॉलीन हिचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते त्यांना उंचीची भीती वाटते.

त्या काळी कारखान्यातून ट्रक यायचा तो नुसता सांगाडा असायचा. चाकं, इंजिन, स्टिअरिंग. आणणारा ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, वारा खात मुंबईत पोहोचायचा. मग त्या सांगाड्याभोवती सागवानी चौकट उभी करायची, तिच्यावर पत्रा ठोकायचा, दारं-खिडक्या बसवायच्या, हे मिस्किटांच्या शेडचं काम. त्यातही खासियत चपट्या तोंडाच्या गाड्यांची. या गाड्यांना पुढे नाक नसतं, त्यामुळे बंदराकडच्या गल्ल्यांत त्या पटकन वळतात आणि मागे मालही जास्त मावतो. नाक नाही म्हणून इंजिन मात्र नाहीसं होत नाही. ते केबिनच्या आत येतं आणि ड्रायव्हर-क्लीनरच्या मध्ये, लोखंडी बॉनेटखाली, तिसऱ्या प्रवाशासारखं बसून राहतं.

हा तिसरा प्रवासी स्वभावानं गरम. त्याच्या डोक्यावर ड्रायव्हर लोक चहाची किटली ठेवत, डबा ठेवत, आणि डावा पाय भाजू लागला की भिजवलेलं गोणपाट टाकत. दर महिन्याला कोणीतरी शेडमध्ये येऊन विचारी, केबिन बांधलीय की भट्टी? आग्नेलोंचे वडील शांतपणे म्हणत, “मे महिना आहे, बाबा.” डिसेंबरात आलेल्या माणसालाही ते हेच सांगत.

पुढे गाड्या तयार केबिनसकट येऊ लागल्या आणि शेडमध्ये पत्र्यापेक्षा कबुतरांचा आवाज जास्त झाला. मग पंधराएक वर्षांपूर्वी उलटंच घडलं. ज्यांचे आजोबा ट्रकच्या धंद्यात केस पांढरे करून गेले होते, त्या नातवांना ट्रकवर प्रेम करायला सवड मिळाली. भंगारातल्या चपट्या गाड्या शोधून ते आग्नेलोंकडे आणू लागले. अट एकच, जशी होती तशी करून द्या. आग्नेलो देतात. फक्त एकदा एका मालकाच्या आग्रहाखातर ते इंजिन चालू असताना अर्धा तास ड्रायव्हरच्या सीटवर बसले. उतरले ते थेट नळाकडे, डावा पाय पाण्याखाली धरायला. त्या दिवसापासून त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटला आतून उष्णता अडवणारे जाड फेल्टचे तीन थर असतात. ते कोणी मागितलेले नसतात आणि कोणाला दिसतही नाहीत.

“पंचवीस वर्षं लोकांचे पाय भाजले मी,” त्या रात्री जेवताना ते पॉलीनला म्हणाले.

“कन्फेशनला जा. पाच मिनिटांत सुटशील.”

“फादरनं ट्रक कुठे चालवलाय?”

गेल्या वर्षी हितेंद्र नावाच्या संग्राहकानं रे रोडच्याच एका लाकडाच्या वखारीत तेवीस वर्षं उभी असलेली गाडी आणून शेडमध्ये टाकली. टायर मातीत गेलेले, छपरावर पिंपळ. आग्नेलो लांबूनच थांबले. डाव्या दाराची खिडकी अर्ध्या इंचानं तिरकी होती. एकोणऐंशी साली वडिलांच्या मदतीशिवाय बांधलेली ही त्यांची पहिली केबिन. वडील तेव्हा म्हणाले होते, तिरकी आहे. आग्नेलो म्हणाले होते, दिसत नाही. पंचेचाळीस वर्षांनी ती शेडच्या फाटकातून दिसली.

सगळी केबिन त्यांनी नव्यानं उभी केली आणि खिडकी मोजूनमापून पुन्हा तिरकी बसवली. कपाळावरच्या जुन्या पत्र्याचे रंगाचे थर खरवडताना सातव्या थराखाली पिवळी अक्षरं निघाली: रुपाली. वखारीत चौकशी केली. अप्पांची मुलगी, असं कळलं. अप्पा म्हणजे ड्रायव्हर. बावीस वर्षं त्यांनी हीच गाडी चालवली. नंबर मिळाला.

“तुमचं नाव आमच्या एका गाडीवर आहे,” आग्नेलोंनी फोनवर सुरुवात केली.

“चलान असेल तर ऑनलाइन पाठवा,” रुपाली म्हणाली.

ती परळला फिजिओथेरपिस्ट आहे. गैरसमज दूर झाल्यावर तिनं गाडी कुठे सापडली ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, “अंकल, अप्पांना एकदा बसवता येईल का त्यात? दिसत नाही त्यांना. काचबिंदूनं डोळे गेले, नऊ वर्षं झाली. पण एकदा बसवायचंय.”

या वयाच्या डिझेल गाडीला रस्त्यावर आणायचं तर आधी कागदांनी दुसरी गाडी भरावी लागते. पण शेडच्या आवारात इंजिन चालू करायला कोणाची हरकत नव्हती. हितेंद्रचीही नव्हती. मात्र पुढच्या रविवारी ट्रेलर येणार होता आणि गाडी त्याच्या लोणावळ्याजवळच्या संग्रहालयात कायमची जाणार होती. बसायचं ते त्याआधी.

ट्रेलरच्या आधीच्या रविवारी सकाळी अप्पा टॅक्सीनं आले. एकोणऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. चाकावर पाय, दाराच्या दांड्याला हात, आणि कोणी धरायच्या आत ते वर. आग्नेलोंनी इंजिन सुरू करवलं. रुपाली पलीकडे क्लीनरच्या जागी बसली. अप्पांनी स्टिअरिंग चाचपलं, गिअर टाकून पाहिले, हॉर्न दोनदा वाजवला. अर्धा तास बसले. मग रुपाली समोरून फोटो काढायला उतरली, तेव्हा ते दारापाशी उभ्या असलेल्या आग्नेलोंकडे वाकले.

“मिस्त्री, गाडी फर्स्ट क्लास केलीत. कुणाची आहे?”

“अप्पा, तुमचीच. वखारीतली. रुपाली.”

अप्पा हसले. समजूतदार माणूस हसतो तसे. “बरं. एक करा. पोरीला सांगू नका, गाडी दुसरीच आहे हे मला कळलं म्हणून. आंधळ्या बापासाठी कुठून कुठून गाडी पैदा केली तिनं. वाईट वाटेल तिला.”

आग्नेलोंनी चॅसिस नंबर सांगितला. अप्पांनी तो आदरानं ऐकून घेतला. आग्नेलोंनी पलीकडच्या दारानं चढून त्यांचा हात ओढला आणि तिरक्या खिडकीवर फिरवला.

“असतात तिरक्या,” अप्पा म्हणाले. “बांधणारे काय, घाईघाईत बांधतात.”

समोर रुपालीनं फोन वर केला. “अप्पा, हसा.” अप्पा तिच्यासाठी छान हसले.

आजवर आग्नेलोंना लोकांनी आळशी म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, उशीर करणारा तर सगळेच म्हणत. नकली माल करणारा असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि इथे तर म्हणणाऱ्यानं आवाजही चढवला नव्हता. घरी येऊन त्यांनी बोंबलाच्या कालवणाला हात लावला नाही. हॉर्नचा भोंगा जुनाच आहे. गिअरच्या मुठीवर तीच भेग आहे. सीटची स्प्रिंग डावीकडे बसलेली, ती तशीच बसकी ठेवली. मग चुकलं काय?

“त्यालाच विचार ना,” पॉलीन म्हणाली. “पन्नास वर्षं लाकडाला विचारतोयस. एकदा माणसाला विचार.”

मंगळवारी दुपारी आग्नेलो चिंचपोकळीला गेले. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत खुर्ची टाकून अप्पा हाफ पँटीत बसले होते. रुपाली कामावर. शेजारणीनं चहा आणून दिला.

“मिस्त्री, उगाच मनाला लावून घेतलंत,” अप्पा म्हणाले. “तुमच्या कामात खोट नाय. सगळं जिथल्या तिथे होतं.”

“मग?”

अप्पांनी विचार केला. “कसं सांगू. पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखं वाटलं. चहा मिळतो, पंखा लावतात, सगळं छान. पण पाय पसरून बसता येत नाय ना, तसं.”

पाय म्हटल्यावर आग्नेलोंनी पायांकडे पाहिलं. ते दोन वेगवेगळ्या माणसांचे असावेत तसे होते. उजव्यावर भरपूर पांढरे केस. डावा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फरशीसारखा गुळगुळीत आणि तांबूस.

“या पायाला काय झालं?”

“काय व्हायचंय? गाडीनं केस खाल्ले. आमच्यातल्या सगळ्यांचे खाल्ले.” अप्पांनी सवयीनं पोटरीवरून हात फिरवला. “थंडीत हाच जास्त दुखतो मेला. शेकून घ्यायची सवय लागलीय त्याला.”

आग्नेलोंनी गार झालेला चहा संपवला आणि ते शनिवारी पुन्हा शेडमध्ये यायचं सांगून उठले.

बुधवारी सकाळी त्यांनी बॉनेट उतरवलं. फेल्ट चिकटवताना त्यांनी हयगय केली नव्हती, त्यामुळे तो निघता निघेना. पहिला थर दुपारपर्यंत गेला. तिसऱ्याला गुरुवारची संध्याकाळ झाली. दुसऱ्या कोणाच्या हाती त्यांनी खरवडणी दिली नाही. मध्येच हितेंद्रचा फोन आला. अंकल, आता काय चेंज करताय?

“चेंज नाही,” आग्नेलो म्हणाले. “चेंज काढतोय.”

शनिवारी रुपाली अप्पांना घेऊन आली खरी, पण तिला उलगडा होत नव्हता. “परत कशाला, अंकल? अप्पांना तर खूप आवडली. शेजारीपाजारी सगळ्यांना फोटो दाखवायला लावले मला.”

“इंजिनचं टेस्टिंग आहे. ड्रायव्हरच्या बाजूला वजन लागतं,” आग्नेलोंनी सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. ते सांगताना त्यांनी टायरकडे पाहिलं.

अप्पा वर चढले. पाहुण्यासारखे नीट बसले. इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं काही झालं नाही. रुपालीनं पर्स बॉनेटवर ठेवली होती, ती पंधराव्या मिनिटाला उचलून मांडीवर घेतली. अप्पा तिला शेजारणीच्या मुलाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता त्यांनी डावा पाय थोडा आत घेतला. मग बाहेर टाकला. मग पुन्हा आत. लग्नाची गोष्ट हॉलपाशी अडखळली. त्यांचा डावा हात आपोआप सीटच्या मागे गेला आणि तिथल्या मोकळ्या जागेत काहीतरी शोधू लागला. सापडेना.

“गोणपाट खंय गेला?” ते खेकसले.

“काय अप्पा?”

“गोणपाट गो, गोणपाट. पाय भाजता माझो. कोणी बांधल्यान ही केबिन? केबिन न्हय ती, भट्टी आसा. त्या मेल्याक तेव्हाच सांगितलेलंय...”

ते मध्येच थांबले. तळहात बॉनेटवर ठेवला, चटका बसला तसा काढला, आणि पुन्हा ठेवला. या वेळी ठेवलेलाच राहू दिला. मग तोच हात वर नेऊन त्यांनी पलीकडची तिरकी खिडकी शोधली. रुपालीच्या अंगावरून हात ताणून ते चौकटीची खालची कड चाचपत राहिले.

“अगो,” ते हळूच म्हणाले, “ही आपलीच गाडी.”

“तेच सांगतेय ना आठवडाभर,” रुपाली म्हणाली. “तुम्हाला काय वाटलं होतं?”

अप्पांच्या काळ्या चष्म्याखालून काहीतरी ओघळलं, ते त्यांनी घाम असल्यासारखं पुसलं. केबिनमध्ये घाम यावा असं वातावरण होतंच.

“मिस्त्री,” त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. “आहात का? ही केबिन बांधणारा माणूस जिवंत आहे का अजून?”

“आहे,” आग्नेलो म्हणाले. “मीच.”

अप्पा दाराबाहेर वाकले. मग पंचेचाळीस वर्षं साठवलेला जाब त्यांनी शांतपणे विचारला.

“पाय भाजतो माझा.”

आग्नेलोंनी वडिलांचाच शांत आवाज काढला.

“मे महिना आहे, अप्पा.”

जानेवारी चालू होता. अप्पा इतके मोठ्यानं हसले की रुपालीनं आधी त्यांच्याकडे आणि मग आग्नेलोंकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुनं गोणपाट ओढून घेऊन आग्नेलो नळाकडे गेले होते. ते भिजायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ते पाठमोरे तिथे उभे राहिले.