तिसऱ्यांचे वाटे

खाडीवरच्या चोपड्याच्या पुलाजवळ ती रोज तिसऱ्या विकायची. शिंपल्यांचे वाटे लावून झाले, की एखादी शिंपली उचलून दुसऱ्या वाट्यात टाकायची. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, हे तिला ठाऊक होतं.

एकदा तिने विचारलं, "मास्तरांनू, माजी लेक सायप्रसाक म्हाताऱ्यांची सेवा करता. एजंटान युरोप म्हणान धाडल्यान. आता थंय बाजूक लढाय पेटली, तर पेपरात मध्यपूर्व लिवतत. खरा काय?"

मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "कोणी युरोपात धरतात, कोणी मध्यपूर्वेत. व्याख्या बदलते."

ती हातातली शिंपली दोन वाट्यांच्या मधे धरून राहिली. "आणि तिका काय झाला, तर खंयच्या वाट्यात घालतले?"

'मध्यपूर्वेच्या सीमा सांगा.' या प्रश्नाला मी तीस वर्षं दोन गुण देत आलो होतो.