लेकीच्या घराची हद्द

देवानं पृथ्वी केली खरी, पण ती नीट मोजून केली की नुसत्या अंदाजानं, एवढं एकदा तपासून घेण्यासाठीच माझ्या व्याह्यांचा जन्म झाला होता. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं साखळी ओढलेला माणूस. जिल्ह्यात असा बांध नसेल ज्याच्यावर उभं राहून त्यांनी दोन सख्ख्या भावांची भांडणं ऐकली नाहीत. नोकरी संपली, साखळी सरकारजमा झाली, पण मोजायचं काही थांबलं नाही. खिशात रुमाल एकवेळ नसेल, टेप असायचाच. सोयरीक ठरवायला आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मुलगा बघायच्या आधी त्यांनी आमचा पुढचा सोपा पावलांनी मोजला आणि म्हणाले, "अण्णा, तुमची उत्तरेची भिंत वीतभर आत आलीय." मी म्हणालो, "आली असंल. भिंत माझी हाय, तिला मुभा हाय." त्या दिवसापासून आमचं कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून करमलंही नाही.

मी तीस वर्षं घाटात लाल गाडी हाकलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, आणि व्याहीबुवा तर मला पूर्व दिशासुद्धा शिकवायचे. असे आम्ही दोघं, एकोणीसशे नव्वदच्या दशकात मधल्या कुठल्याशा वर्षी, एका विमानातून जपानला गेलो. माझा पोरगा कावासाकीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनियर. त्यानं आणि सूनबाईनं आम्हाला दोन महिन्यांसाठी बोलावलं होतं. आमच्या हिनं विमानाचं चित्र बघूनच नकार दिला. विहीणबाई नव्हत्याच. सूनबाई सहा वर्षांची असतानाच त्या गेल्या. तेव्हापासून पोरीची वेणी, डबा, तापातल्या पट्ट्या, सगळं ह्या एकट्या माणसानं केलं. सुट्टीत मोजणीला जाताना तिला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे आणि दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे. पोरगी वीस वर्षांची होईपर्यंत ह्यांनी एकट्यानं घास घेतला नव्हता म्हणतात.

आणि हाच माणूस लेकीच्या घरी पाण्याचा थेंब घेईना! लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आता ती कोण पाळतं? पण व्याहीबुवांनी ती परदेशात पाळली, आणि तीही मोजणीदाराच्या काटेकोरपणानं. पहिल्याच दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, त्यांनी लेकीच्या घराची हद्द कायम केली. त्या देशात उंबरा नसतो. दाराच्या आत चपला काढायला जरा खोलगट जागा आणि मग एक पायरी असते. व्याहीबुवांनी ती पायरी बघितली, बाहेरचा लांबलचक व्हरांडा बघितला, आणि निकाल दिला, "दारापर्यंत माईचं घर. व्हरांडा सामाईक." ते लेकीला माई म्हणत. मग गावाकडून आणलेला चिवडा आणि दशम्या घेऊन ते व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसले. आत सूनबाई गरम पोळी उलथन्यावर घेऊन उभी, बाहेर बाप गार दशमी मोडतोय, आणि मध्ये दार उघडं.

शेजारच्या जपानी म्हातारीनं हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ती चारदा कमरेत वाकली, व्याहीबुवांच्या पुढ्यात भाताचे गोळे आणि वाफाळलेला हिरवा चहा ठेवला आणि डोळे टिपत आत गेली. तिला वाटलं, घरच्यांनी म्हाताऱ्याला बाहेर काढलंय. पोरगा मिठाईचा खोका घेऊन तिच्याकडं गेला आणि अर्धा तास काहीतरी समजावून आला. काय समजावलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून ती दोन गोळे जास्त आणायला लागली. व्याहीबुवा ते आवडीनं खायचे. मी म्हणालो, "लेकीचं चालत न्हाई आणि परकीचं चालतं?" म्हणाले, "तिचा सर्व्हे नंबर वेगळा." मी म्हणालो, "आणि लेकीच्या घरातली हवा घेताय ती?" म्हणाले, "हवा सामाईक."

पोरगा लाजून अर्धा झाला, तेव्हा त्यांनी आपलं बस्तान खालच्या बागेतल्या बाकड्यावर हलवलं. चिवडा संपला तसे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून पाव आणि केळी आणायचे आणि बागेच्या नळावर बाटली भरायचे. सूनबाईनं एकदा डबा भरून खाली नेला. तर म्हणाले, "माई, भांडं तुझ्या घरचं आहे." ती डबा घेऊन वर आली. मला, खरं सांगतो, ह्या सगळ्याची गंमत वाटायची.

ऑगस्टात तिकडं पितरांच्या सणाची सुट्टी असते. पोरगा म्हणाला, आठवडाभर घरीच पडून राहू. पण व्याहीबुवांनी नकाशा पसरला. "गाडी घेऊन निघू. लांब जाऊ." जो माणूस बागेपलीकडं जायला कंटाळायचा, तो एकदम फुजी, क्योतो आणि पार पलीकडच्या समुद्रापर्यंत बोट फिरवायला लागला. पोरगा म्हणाला, "बाबा, सणाला सगळा देश रस्त्यावर असतो. गाड्या मुंगीसारख्या सरकतात." व्याहीबुवा म्हणाले, "सरकू दे की." मग एक भाड्याची मोठी गाडी ठरली. ती दारात आल्यावर त्यांनी आधी विचारलं, "ही कोणाच्या नावावर?" "भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या, बाबा." "म्हणजे माईची नव्हे. धर्मशाळाच म्हणायची." आणि सूनबाईकडं वळून म्हणाले, "दशम्या कर गं. आणि लसणाची चटणी. कागदी पत्रावळ्या घे, भांडी नकोत." मी म्हणालो, "अहो, पण चूल लेकीच्याच घरची ना?" त्यांनी जरा विचार केला. "प्रवासाला निघालेली शिदोरी घरची राहत नाही," म्हणाले. एवढा मोठा कायदा त्यांनी एका मिनिटात करून टाकला.

त्या आठवड्यात मला दुसरेच व्याहीबुवा बघायला मिळाले. मी पुढं, पोराच्या शेजारी. तिकडंही गाडी डावीकडूनच चालते, स्टिअरिंग उजवीकडंच, पण तिथला परवाना नाही म्हणून मला कोणी हात लावू देईना. मी आपला रिकाम्या पायानं ब्रेक मारत बसलो होतो. मागं बापलेक. गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच मागून कागदाचा आवाज सुरू. ती दशमीचा तुकडा मोडून द्यायची, हे खायचे. मग हे तिच्या हातावर शेंगदाणे ठेवायचे. गाड्या तुंबल्या की पोरगा कपाळाला हात लावायचा, आणि मागून आनंदानं आवाज यायचा, "थांबलोच आहोत तर जेवून घेऊ." रस्ता बंद पडला म्हणून खूश होणारा माणूस मी तीस वर्षांत एकच बघितला.

मोजणी चालूच. फुजी ढगात दडलेला होता, तर मोजल्याशिवाय हलायचं नाही म्हणून दोन तास बसले, आणि तेवढ्या वेळात दोन भाजलेली कणसं खाल्ली. शेवटी डोंगराचं टोक जरा दिसलं तसं हात लांब करून अंगठ्यानं उंची घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे." क्योतोत एका देवळात वाळूवर दाताळ्यानं रेघा ओढलेली बाग होती. लोक कडेला गप्प बसून बघत होते. ह्यांनी टेप काढला आणि एक पाय वाळूत टाकणार, तेवढ्यात सूनबाईनं सदरा धरून मागं ओढलं. "बाबा, पाच मिनिटं काहीही न मोजता बसा!" बसले बिचारे. तीन मिनिटांनी माझ्या कानात म्हणाले, "अण्णा, रेघा बावन्न आहेत."

पलीकडच्या समुद्रावर अमानोहाशिदाते म्हणून जागा आहे. पाण्यातून निघालेली झाडांची चिंचोळी वाट. तिथल्या डोंगरावर उभं राहून, पाठ फिरवून, वाकून आपल्याच दोन पायांमधून ती बघायची रीत आहे. आभाळ खाली, समुद्र वर, आणि ती वाट स्वर्गाला चढल्यासारखी दिसते म्हणे. व्याहीबुवा धोतर सावरून लगेच वाकले. मग मी कसा मागं राहणार? मीही वाकलो. बघितलं. आणि मग काही सरळ होता येईना.

"व्याहीबुवा, हात द्या."

"मीच हात शोधतोय अण्णा."

दोघं पिवळ्या टोप्या घातलेल्या पोरांच्या एका सहलीपुढं ओणवे. पोरानं मला उचललं, सूनबाईनं त्यांना. ती इतकी हसली, इतकी हसली की रेलिंगला धरून खालीच बसली. लग्नापासून सात वर्षांत तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. व्याहीबुवा कंबर धरून तिच्याकडं बघत होते, आणि वळून पोराला म्हणाले, "जावईबापू, अजून जरा पुढं जाऊ या का?"

असं रोज. आज हे तळं, उद्या तो पूल. दोन दिवस वाढले. शेवटी रजा संपली आणि आम्ही परत फिरलो. घर तासाभरावर राहिलं तेव्हा मोठ्या रस्त्यावरच्या शेवटच्या थांब्याला गाडी लावली. चार वाजले असतील. व्याहीबुवांनी लोणी घातलेल्या उकडलेल्या बटाट्यांची थाळी घेतली. मग दुसरी घेतली. पोरगा किल्ली वाजवत उभा.

"बाबा, निघू या?"

"एवढं संपवतो." संपलं. "माई, तिकडं कणसं भाजतायत बघ. एकेक घेऊ?"

"बाबा, पोट बिघडेल. घरी चला, गरम वरणभात लावते."

"घरी नको. काय ते इथंच खाऊ. तू पण बस की. बस ना गं जरा."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हा माणूस फुजी बघायला निघालाच नव्हता. त्याला लेकीशेजारी बसून जेवायचं होतं. घरात जमेना म्हणून त्यानं सगळा देश पालथा घातला होता, आणि आता तासाभरात ते संपणार होतं.

सूनबाई बसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही रोज पाव घेऊन बागेत जाता ना, तेव्हा मला काय वाटतं सांगू? रोज तीन वेळा कोणीतरी दारात येऊन विचारतंय असं वाटतं. मूल झालं का? अजून नाही? तुम्ही तोंडानं एकदाही विचारलं नाहीत. पण रोज विचारता."

"अगं, तसं नव्हे माई. रीत आहे. तुझं भलं व्हावं म्हणून पाळतो. तुला लागावं म्हणून नाही."

"लागतं, बाबा."

एवढं बोलून ती गाडीकडं गेली. पोरगा तिच्या मागं गेला. आम्ही दोघं म्हातारे बाकड्यावर उरलो. पुढ्यात थाळी.

ती बाजूला सारत ते म्हणाले, "अण्णा, मी पोरीला रोज टोचत होतो?"

मी सहसा कोणापुढं नमत नाही. पण त्या दिवशी म्हणालो, "माझ्या लेकीला वर्षात मूल झालं म्हणून मी सुटलो. न्हाईतर मी बी तिच्या दाराबाहेर बसलो असतो, आणि वर स्वतःला मोठा समजलो असतो. आणि आता आणिक एक ऐका. तुम्ही तिथं बाहेर बसायचा, तेव्हा मुलाचा बाप म्हणून मला आतून बरं वाटायचं. मान वाटायचा. लाज वाटती आता."

घरापर्यंतच्या रस्त्यात मागून कागदाचा आवाज आला नाही.

घरी पोचलो. सूनबाई हात धुऊन थेट ओट्याकडं गेली. तासाभरात घरभर वरणाच्या फोडणीचा वास सुटला. तिनं बुटक्या मेजावर तीन ताटं मांडली. मुद्दाम नव्हे, हाताला तीच सवय लागली होती. व्याहीबुवा खिडकीशी उभे होते. त्यांनी ती तीन ताटं बघितली, सावकाश आले, मेजाच्या चौथ्या बाजूला मांडी घातली आणि म्हणाले,

"माझं ताट?"

ती वळली. हातातली पळी तशीच. खाली वरण ठिबकत होतं, तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मग तिनं ताट घेतलं, भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं, आणि परत भात वाढला. व्याहीबुवांनी मान खाली घालून पहिला घास घेतला. दुसरा कालवला, तो तिच्यापुढं धरला. तिनं तो उभ्याउभ्याच खाल्ला. पोरगा उगाचच टीव्ही बघायला लागला. तो लावलेलाही नव्हता.

व्याहीबुवा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दोघांना पुढं मूल झालं का, हे तुमच्या ओठावर आलं असेल. मला विचारू नका. त्या संध्याकाळपासून आमच्या दोन्ही घरांत ते कोणी विचारत नाही, आणि ह्या एका बाबतीत मी व्याह्यांकडून शिकलो, असं म्हणायला माझी हरकत नाही.