जनावरांची डॉक्टर व्हायचं राहिलं

अमरावतीत मी ज्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, तिथे नीटचा निकाल लागला की पालकांची रीघ लागते. मार्क चांगले असले की पेढे घेऊन येतात, मध्यम असले की प्रश्न घेऊन. "मॅडम, एमबीबीएस तं लागत नाही. मंग बीडीएस पायतो, बीएएमएस पायतो. आन् कायीच नाही लागलं, तं व्हेटर्नरी तं हायेच ना?" हे 'हायेच ना' ऐकलं की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली तरी फिरतं. मी घोटभर पाणी पिते आणि सांगते, काका, व्हेटर्नरीचा फॉर्म वेगळा असतो, तो भरलाय का? बहुतेकांनी भरलेला नसतो. मग मी त्यांना समोर बसवून भरायला लावते. क्लासमधले सर लोक चिडवतात, की या मॅडमला दवाखान्यापेक्षा गोठ्याचीच काळजी जास्त. चिडवू देत.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. काहीच नाही लागलं तर म्हणून नाही. पहिलं तेच आणि शेवटचंही तेच.

आम्ही अकोल्याचे, जठारपेठेतले. वडील वकील. घरात जनावर म्हणाल तर एक मांजर, आणि तेही शेजाऱ्यांचं, दुधापुरतं आमच्याकडे यायचं. पण आईचं माहेर अकोटजवळच्या खेड्यातलं. तिथे काळी जमीन होती, बैलजोडी होती, तीन-चार गाई आणि एक म्हैस होती. ती म्हैस मामीशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा बहीणभावांना तिथे सोडून दिलं जाई. भाऊ दिवसभर आंब्याखाली, मी दिवसभर गोठ्यात. मामी म्हणायची, "वकिलाची पोट्टी हाय का गुराख्याची, समजतच नाही बाप्पा."

एका उन्हाळ्यात मामाच्या तांबड्या गाईने चारा सोडला. दोन दिवस नुसती मान टाकून उभी. मामाने तालुक्याहून डॉक्टर बोलावला. भर दुपारी तो फटफटीवर आला, डोक्याला रुमाल बांधलेला, घामाने निथळत होता. आधी त्याने गाईशी गप्पा मारल्या, मग तिच्या डाव्या कुशीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिला. मी इतकी जवळ जाऊन उभी होते, की शेवटी त्याने नळी काढून माझ्याच कानात घातली. "आयक. गिरणी चालू हाय का बंद हाय?" मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खूप आतून, लांबून, एक गडगड आली आणि विरून गेली. मी म्हटलं, "चालू आहे, पण हळू." तो मामाकडे बघून हसला आणि म्हणाला, "हेच माह्यं निदान." संध्याकाळी गाय रवंथ करायला लागली. मी परत अकोल्याला आले ती ठरवूनच आले.

घरात विरोध झाला असता तर बरं झालं असतं, निदान मला कुणावर तरी रागावता आलं असतं. विरोध झाला नाही. आत्या तेवढी म्हणाली, की मुलगी कपड्यांना शेणाचा वास घेऊन घरी येईल, तिला स्थळ कोण देईल? वडिलांनी तिला गप्प केलं. "तिला व्हायचंय ना, होऊ दे. तुला काय तिच्याकडून म्हैस तपासून घ्यायची आहे का?" वडील माझ्या बाजूने होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं ते त्यांच्याच हातून झालं.

बारावीनंतर मी नीट दिली. मार्क असे पडले की एमबीबीएसला कमी आणि पशुवैद्यकीयला पुरेसे. घरात आनंदीआनंद. आता यादी लागेल, बोलावणं येईल, असं धरून आम्ही वाट बघत बसलो. नीटचा फॉर्म एकदा भरला म्हणजे सगळीकडे भरला, अशी आमची ठाम समजूत. पशुवैद्यकीयच्या विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तो काही दिवसच उघडा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी एकदा विचारलंही, की आपण काही करायला नको का? वडिलांनी चष्मा वर करून अगदी कोर्टातल्या आवाजात सांगितलं, "पक्षकाराला नोटीस गेल्याशिवाय त्याच्या माघारी निकाल लागत नसतो." जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या मुदती सांभाळल्या, एक दिवस उशीर झाला म्हणून समोरच्याचं अपील फेटाळायला लावलं, तो माणूस नोटिशीची वाट बघत बसला. पोस्टमन आला की स्वतः उठून दारात जायचे.

नोटीस आली नाही, मामाचा फोन आला. "आपल्या गावातल्या एका पोट्ट्याले परभणीले व्हेटर्नरी लागली म्हंते. आपल्या पोरीचं काय झालं?" त्या पोट्ट्याचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते. वडिलांनी कॉम्प्युटर लावला आणि पानं उघडत गेले. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. मुदत केव्हाच संपली होती. ते वळले नाहीत. तसेच बसून त्यांनी विद्यापीठाला विनंती अर्ज लिहायला घेतला, चांगला तीन पानी, कलमांसकट. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. त्याचं पुढे काही झालं नाही, होणारही नव्हतं.

मग वर्ष गाळायचं ठरलं आणि मला अमरावतीला ठेवलं. राजापेठेतल्या एका खोलीत आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघी एमबीबीएससाठी रडायच्या आणि मी जनावरांसाठी रडते म्हणून रडता रडता हसायच्या. त्या वर्षी अर्ज पहिल्याच दिवशी भरला गेला. वडिलांनी त्याच्या तीन प्रती काढून एक मला आणून दिली, एसटीने, एवढ्यासाठीच. मार्क आदल्या वर्षाएवढेच पडले, पण कटऑफ वर सरकला होता. माझं नाव प्रतीक्षायादीत आलं. यादी फेरीफेरीने खाली उतरत आली आणि माझ्या नावाच्या थोडी अलीकडे थांबली. आई म्हणाली, "आता पुरे." मीही थकले होते. इथेच बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, आणि शिकवायला लागले.

वडिलांशी मी दोन वर्षं कामापुरतंच बोलले. त्यांनी कधी 'चुकलं माझं' म्हटलं नाही. वकिलाला ते म्हणता येत नाही, कबुलीजबाबाची भीती वाटते. पण मी शिकवायला लागल्यापासून दरवर्षी न चुकता त्यांचा फोन येतो. बाकी चौकशी नाही, 'जेवलीस का' एवढंसुद्धा नाही. "फॉर्म सुटले. पोरांना सांग. शेवटची तारीख लिहून घे." मी सांगते, लिहून घेतली. मग ते फोन ठेवतात. माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही. गेला हे मात्र खरं.

इच्छा मात्र गेली नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टी वयाबरोबर जातात. नवऱ्याला वाटतं, एखादं कुत्रं पाळलं की माझं भागेल. मी त्याला सांगते, तुला पायलट व्हायचं होतं, तुला पतंग आणून देऊ का? बाजाराच्या दिवशी रस्त्याने गाय चालली, की मी तिचा पाय बघते, लंगडते का ते बघते. अकोल्याला माहेरी गेले की रिक्षावाल्याला जनावरांच्या दवाखान्याच्या रस्त्याने घ्यायला लावते, लांब पडलं तरी. माझ्या वेळी तिथल्या कॉलेजात फक्त पदवीनंतरचं शिक्षण होतं, पदवीसाठी परभणी नाहीतर नागपूर गाठावं लागे. आत्ता आत्ता तिथे पदवीचाही वर्ग सुरू झाला. घरून सायकलवर जाता आलं असतं. ही बातमी पेपरात वाचली त्या दिवशी मी क्लासला सुटी टाकली. डोकं दुखतंय असं सांगितलं आणि दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिले.

गेल्या साली माझ्याकडे दर्यापूरकडची एक मुलगी होती. हुशार, पण एमबीबीएसला थोडे मार्क कमी पडले. तिचा व्हेटर्नरीचा फॉर्म मीच भरून घेतला होता, आणि तिला अकोल्यालाच जागा मिळाली. तिचे वडील शेतकरी, घरी बैल, म्हशी, सगळं. मला वाटलं खूश होतील. ते क्लासमध्ये येऊन माझ्यासमोर हताश बसले. "मॅडम, शेन काढाचं तं घरीच हाय. त्याच्यासाठी पाच वर्सं शिकाले कायले पायजे?" मी त्यांच्याशी तासभर भांडले. भांडले म्हणजे अक्षरशः. शेवटी ते म्हणाले, "तुमी म्हन्ता तं जाऊ द्या पोरीले. पन सोयाबीन काढनं चालू हाय, मले येता येत नाही. तुमीच घेऊन जा तिले."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की ते जरा बघतच राहिले.

सकाळची एसटी. मुलगी खिडकीशी बसली होती, मांडीवर कागदांची फाईल. मूर्तिजापूर मागे पडलं. मग ती म्हणाली, "मॅडम, एक बोलू का? रागावू नका. मले तं एमबीबीएसच पायजे होतं." मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "माहीत आहे." आतून मला तिचा असा राग आला, की तिच्या हातातली ती फाईल ओढून घ्यावी आणि माझं नाव घालून मीच जावं. मी ज्यासाठी उपाशी राहिले ते हिला पोट भरल्यावर पुढ्यात वाढलेलं नकोसं पान वाटत होतं. थोड्या वेळाने राग उतरला. अठरा वर्षांच्या पोरीने काय करावं, मला जे हवं होतं ते तिलाही का हवं असावं? मी तिला पिशवीतला चिवडा काढून दिला. तिने तो फाईलवरच ठेवून खाल्ला.

कॉलेजमध्ये कागद तपासले गेले, सह्या झाल्या. तिचा प्रवेश पक्का झाला. आम्ही दवाखान्याच्या आवारातून बाहेर निघालो होतो. तिथे लोखंडी खोड्यात, जनावर तपासायला अडकवतात त्या चौकटीत, एक गाय उभी होती. डोळा सुजलेला, पाणी गळत होतं, आणि ती मुंडकं सारखं झटकत होती. तिला घेऊन आलेल्या म्हाताऱ्याचा एक हात गळ्यात बांधलेला. डॉक्टर चिमटा घेऊन ताटकळत उभे. आम्हाला बघून ते म्हणाले, "ताई, जरा मुंडकं धरता का? आमचा माणूस चहाले गेला."

मी पर्स मुलीच्या हातात दिली. एका हाताने तोंडावरची दोरीची म्होरकी, दुसऱ्या हाताने नाकपुड्या, आणि मान वळवून माझ्या खांद्याला टेकवलेली. मामाकडे उन्हाळे काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गाईने एकदा अंगातला सगळा जोर लावला, मी हलले नाही, मग तिने मानेचं ओझं माझ्यावर टाकलं. तिचा गरम श्वास माझ्या ओढणीतून गळ्याशी लागत होता. डॉक्टरांनी चिमट्याने गवताचं एक बारीक कुसळ ओढून काढलं आणि उजेडात धरून बघितलं. मला वाटत होतं, अजून दोन-चार कुसळं निघावीत.

"मस्त धरलं तुमी," ते म्हणाले. "कोनत्या बॅचच्या?"

खोटं बोलायला जीभ वळवळली, खरंच. त्यांना पुन्हा मी कुठे भेटणार होते? पण मुलगी शेजारीच उभी होती.

"कोणत्याच नाही. हिला पोचवायला आले. हिचा आजच प्रवेश झाला."

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाईट मनाने नाही, अगदी सहज म्हणाले, "मंग ताई, हिले धरू द्या ना. आता थेंब टाकाचे हायेत. शिकाचं तं हिले हाय."

बरोबरच होतं. मी मुलीला बोलावलं. तिने पर्स आणि फाईल कठड्यावर ठेवली, पुढे आली.  मी तिचा एक हात धरून माझ्या बोटांखाली नाकपुडीवर बसवला, दुसरा म्होरकीवर. "घट्ट धर, पण दाबू नको. तिला श्वास घेऊ दे." गाय हलली नाही. आता चार हात तिच्यावर होते, आणि डॉक्टर औषधाची बाटली उघडून थांबले होते.

"मॅडम," मुलगी हळूच म्हणाली, "धरली मी. सोडा तुमी."

मी आधी एक हात काढला. मग थोड्या वेळाने दुसरा.